पाल्याखालची हळद

थोरलीचं अर्धं आयुष्य हळदीत उकिडवं बसून गेलं. हळद सावकाश उगवते, गवताला मात्र कसली घाई असते कोण जाणे. ते उपटून पाठ सरळ करावी, तोवर मागे पुन्हा हिरवं झालेलं. गुडघे केव्हाचे कुरकुरत होते. यंदा खुरपायला बसले तर उठवणार नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. पण कुणाला सांगितलं नव्हतं. खुरपणीत तिचा हात धरणारं घरात कुणी नाही, असं सगळे म्हणत. आता कोणत्या तोंडानं सांगणार?

यंदा धाकट्या जावेनं नवंच खूळ काढलं. मातीचे उंच वाफे केले, बेणं लावलं आणि वर वाळल्या पाल्याचा जाड थर पसरला. उजेडच मिळाला नाही तर गवत उगवणार कुठून, असं तिचं म्हणणं. थोरलीनं नाक मुरडलं. मनात मात्र, होऊ दे बाई हिच्या मनासारखं, असं चाललं होतं.

तरी जीव राहीना. रोज वाटेलगतच्या वाफ्याशी जाऊन ती उभ्यानंच वाकायची, पाला सारून कोंब आलाय का बघायची आणि दमून तो तसाच टाकून यायची. हळद आली, पण त्या उघड्या तुकड्यात तिच्याआधी गवत तरारलं.

धाकटी वाटेवरून आली ती तिथेच थबकली. पाला काही कामाचा नाही, उद्यापासून खुरपणं आलंच, असं पुटपुटली.

"पाल्याचा दोष नाही," थोरली म्हणाली. "मीच रोज उघडून बघत होते. पुढचे वाफे बघ जा."

धाकटी बघून आली. तिथे पाल्यातून नुसती हळद वर आली होती. कशासाठी उघडत होतात, असं तिनं विचारलं.

"गुडघे संपलेत गं माझे. हे जमलं नसतं तर..."

"माहीत आहे मला, जाऊबाई. उठताना तुम्ही तोंड फिरवता. म्हणून तर पाला घातला."

थोरलीला रडू आलं आणि रागही आला. एवढे दिवस तोंड फिरवलं ते फुकटच. मग आधी बोलली का नाहीस, असं तिनं दरडावलं. तुम्ही तरी कुठे बोललात, म्हणत धाकटी खाली बसली आणि गवत उपटू लागली. सवयीनं थोरलीचेही गुडघे वाकायला लागले.

"उभ्याच राहा," धाकटी वर न बघता म्हणाली. "पाला द्या नुसता."