आक्काचे ताठ पुठ्ठे

काल सुतारानं दार तासलं, भुशावर बादली लवंडली आणि ओल्या सागवानाचा वास घरभर पसरला. मला एकदम राग आला. बायको म्हणाली, "आता भुशावर कसलं रागावताय?"

तिला काय सांगणार? युद्धाच्या दिवसांत मी मॅट्रिकला आपटून वडगावात थोरल्या बहिणीकडे, आमच्या आक्काकडे, बसून खात होतो. आक्का रद्दी भिजवून, कुटून पुठ्ठे करायची. साडीच्या घडीत घालायला ते पेठेतला एक व्यापारी घ्यायचा. पुढं कागदाची टंचाई झाली, रद्दीही मिळेना. तेव्हा तिनं लगद्यात चाळलेला लाकडाचा भुसा मिसळला. पुठ्ठे जाड आणि ताठ झाले.

आम्ही गठ्ठा दुकानात नेला तेव्हा व्यापाऱ्यानं एक वाकवून बघितला, तो कडकन मोडला. "लाकूड घालून फसवतीस व्हय गं?"

"आधी सांगूनच घातलंय, अण्णा. आणि साडीत पुठ्ठा ताठ ऱ्हायाला घालत्यात, कमरंत वाकायला न्हाय."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तेवढ्यावरून त्या माणसानं अख्खा गठ्ठा एकेक करून गुडघ्यावर मोडला. उन्हात वाळवलेली तिची सगळी मेहनत. मी मुठी आवळल्या, पण माझ्या काडीसारख्या हातांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

आक्कानं तुकडे पदरात गोळा केले आणि घरी येऊन हौदात टाकले. "पाणी वत रं. ह्याचा परत लगदा हुतोय. त्याचा गुडघा मातर चार दिवस दुखंल."

तिचा राग त्या तुकड्यांबरोबर भिजून मऊ झाला. माझा अजून ताठच आहे, आणि तो वाकवायला कुणी येऊ नये.