नखाला लागलेली रेघ

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे नखवाले म्हणत. चिनीमातीचा दात भट्टीतून निघून गार झाला की तो डोळे मिटायचा आणि दातावरून अंगठ्याचं नख फिरवायचा. "चकाकीला भुलू नका रे," हाताखालच्यांना बजावायचा. "दात फुटतो तो रेघेतून. डोळ्याला दिसेना का, जोर आला की तिथूनच उकलतो." चोवीस वर्षं त्याच्या नखाची ही मिजास सगळ्यांनी चालवून घेतली.

मग ताईचा दात फुटला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला शिलाई मशीनच्या पायाशी बसवून वाढवलं. जन्मभर दाताने दोरा तोडून तिच्या वरच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. त्यावरची चिनीमातीची टोपी त्याने स्वतः घडवली. ती बसली त्या दिवसापासून ताईने गळ्यात कात्री अडकवली आणि दोऱ्याला दात लावणं सोडलं. "भावाच्या हातचा आहे हो," म्हणत गिऱ्हाइकांना ओठ वर करून दाखवायची.

तीन महिन्यांत, उकडलेला बटाटा खाताना, टोपीचा तुकडा बशीत पडला.

डॉक्टर भडकले. "दोरा तोडलात ना दाताने? खरं सांगा."

ताई तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "तोडला असेल हो. मेली सवय, सुटते कुठे?"

तो खुर्चीशेजारीच उभा होता. डॉक्टरांनी तुकडा त्याच्या हातात दिला. सवयीने नख फिरलं आणि मागच्या बाजूला खरखरलं. त्याने तुकडा खिशात टाकला.

लॅबमध्ये येऊन त्याने तुकडा भिंगाखाली धरला. ओळीने बारीक ओरखडे, आणि त्यातल्याच एकातून निघालेली चीर. ओरखडे त्याचेच होते. टोपी चावताना उंच लागते म्हणून परत आली होती, तेव्हा त्याने ती मागून हिऱ्याच्या चाकाने घासली होती. त्यावर रबरी चाकांनी ओरखडे उतरवायचे, पुन्हा भट्टीत घालून काचेसारखा थर चढवायचा, असं तोच सगळ्यांना शिकवायचा. पण त्या संध्याकाळी भट्टी बंद झाली होती. मागची बाजू, कोण बघतंय? घरचंच तर माणूस. पेस्ट लावून ब्रशने चमक आणली आणि टोपी डबीत बंद केली. नख मात्र फिरवलं नाही. मुद्दामच.

आठवडाभर तो ताईकडे फिरकला नाही. गेला तेव्हा एक गिऱ्हाईक बाई तिला चिडवत होती, "काय हो, दगड चावलात की नवरा?" ताई हसली, पण हाताआड.

बाई गेल्यावर ती म्हणाली, "ये रे. तुझी मेहनत मी मातीत घातली. रागावलास म्हणून आला नाहीस ना?"

"ताई, तू दोरा तोडला होतास?"

"नाही रे. पण डॉक्टर म्हणाले, तेव्हा वाटलं, झोपेत बिपेत..."

त्याने खिशातला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. "मागून नख फिरव."

तिने फिरवलं. "लागतंय."

"तो ओरखडा माझा आहे. पुन्हा भट्टीत घालायला हवा होता, नाही घातला. आणि नख फिरवलं नाही, कारण लागलं असतं."

मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं. "जगाच्या दातांना तुझं नख. माझ्याच दाताला तेवढं नाही?"

त्याने तुकडा परत घ्यायला हात पुढे केला.

"आधी डॉक्टरांना जाऊन सांग," ती म्हणाली. "दाताचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर चार माणसं बसलेली असताना त्याने सांगितलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

नवी टोपी उंच लागली तेव्हा ती घासून त्याने भट्टी पुन्हा तापवली. गार झाल्यावर अंगठा उचलला, पण नख टेकवायला हात धजेना. डबी घेऊन तो ताईकडे गेला. "तू बघ."

तिने डोळे मिटले, मागच्या बाजूने नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. तरी टोपी उलटी केली आणि पुन्हा एकदा नख फिरवलं, सावकाश.