ट्रेबलचं बटण

आमच्या जुन्या मिक्सरला काहीही झालेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मामाजींबरोबर नवा मिक्सर घ्यायला दिग्रसहून नागपूरला निघाले होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा तो शब्द कितीतरी दिवस माझ्या तोंडात बसेना. मी कोकणातली. आठवीत शाळा सुटली. वडील गावच्या भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून जे कानात गेलं तेवढंच माझं शिक्षण. पुसदला नर्स असलेल्या मावशीनं हे स्थळ आणलं आणि मी समुद्रापासून इतकी लांब आले की पहिलं वर्षभर रात्री गाज ऐकू येत नाही म्हणून झोप लागायची नाही.

घरचा धंदा सौंड सर्व्हिसचा. लग्न, सभा, भागवत सप्ताह, जिथे माईक लागेल तिथे आमची गाडी. मिस्टर गाडी चालवायचे, स्पीकरचे बॉक्स चढवायचे, वायरी ओढायचे. मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज जुळवायच्या मशीनवर, मामाजी. पहिल्याच वर्षी एका सप्ताहात मी बायकांत बसले होते आणि सासूबाईंना हळूच म्हणाले की, तबला फार वर आहे, महाराजांचे शब्द बुडतायत. सासूबाईंनी ते तिथूनच मामाजींना ओरडून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मिक्सरपुढची खुर्ची सोडली आणि म्हणाले, "ये. बस. कर."

सगळा गाव बघत होता. मागून कोणीतरी टोमणा मारलाच, "भाऊ, सूनबाईले मशिनीवर बसवलं, आता भाकरी तुमी थापता काय?"

"थापतो ना," मामाजी म्हणाले. "तू ये जेवाले."

त्या दिवसापासून मिक्सरवर मी. मामाजी समोर लोकांत जाऊन बसायचे, ऐकायचे, उठून यायचे, एखादं बटण फिरवायचे आणि परत जायचे. दुसऱ्या कुठल्या घरात मला हे मिळालं असतं असं मला वाटत नाही. त्या तीन शब्दांचे उपकार मी अजून वागवते आहे.

नंतरची वर्षं कापसाला भाव नसल्याची. दिग्रससारख्या गावात कापूस पडला की सगळंच पडतं. जिनिंगपासून चहाच्या टपरीपर्यंत. लग्नं सकाळी अंगणातच उरकायला लागली, माईकशिवाय. सभा मात्र वाढल्या. कुठल्यातरी गावात एखाद्या शेतकऱ्याच्या घरी वाईट घडायचं आणि दोन दिवसांनी तिथे गाड्यांचा ताफा यायचा. आमचा माईक त्याच्या आधी पोचलेला असायचा. तीच भाषणं मी इतक्यांदा ऐकली की कोणता पाहुणा कुठल्या शब्दाला आवाज चढवणार ते मला आधीच कळायचं आणि माझा हात आपोआप बटण उतरवायचा. ऐकण्याचा इतका थकवा येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसरं काम घरच्या मागच्या खोलीत. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, एक जुना कंप्युटर, एक माईक. तिथे मी रिक्षावरच्या जाहिराती बोलायचे. बियाणं, फवारणीची औषधं, साड्यांचा सेल. माझं बोलणं लोकांना पुस्तकातलं वाटायचं म्हणून कामं यायची. "शेतकरी बंधूंनो" हे दोन शब्द मी किती वेळा म्हटले असतील देव जाणे.

मामाजींच्या कानाचं माझ्या लक्षात आलं ते या खोलीतच. बाहेर सायकलची घंटी वाजली की मी बोलताना थांबायचे.

"काहून थांबली?" ते विचारायचे.

"घंटी वाजली."

"कोणती घंटी?"

मग सभांमध्येही दिसायला लागलं. पुसदकडच्या एका कार्यक्रमात एक बाई बोलत होत्या, त्यांचा प्रत्येक 'स' सुरीसारखा यायचा, पुढची पोरं कानात बोटं घालून बसली होती. मामाजी उठून आले आणि त्यांनी ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, आणखी वाढवली. "आवाज बसून राह्यला," म्हणाले आणि परत जागेवर गेले. त्यांची पाठ वळल्यावर मी ती कमी केली. तीस वर्षं भोंग्याखाली आणि डिझेल जनरेटरच्या बाजूला उभं राहिलेल्या माणसाचे कान बारीक आवाज आधी सोडतात. ते वाढवायचे, मी गुपचूप उतरवायचे. दोन वर्षं.

सांगायला हवं होतं. पण दिग्रसमध्ये कोणी साधा टेप घेतला तरी आधी मामाजींना आणून दाखवायचं, "भाऊ, तुमी एकदा आयका." त्यांच्याकडे शेत नव्हतं, घर साधं होतं. कान हीच त्यांची इज्जत होती. त्यांच्या हातून ती मी काढून घ्यायची? आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचीही भीती होती. त्यांनी बसवलेल्या खुर्चीवरून त्यांनाच चूक सांगायची, आणि ते म्हणाले ऊठ, तर मी कोण? घरात भाकऱ्या करणारी, लांबून आलेली एक सून.

म्हणून मी गप्प राहिले, आणि मामाजींनी दोष मशीनवर घातला. "म्हातारं झालं. बोथट झालं. आता नवीन पाहाले लागते."

एस.टी.त ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते: आठ चॅनल पाहिजेत, आवाज घुमवायला एको पाहिजे, सभेत चाललं पाहिजे आणि खोलीत कंप्युटरलाही जोडता आलं पाहिजे. आणि आवाक्यातलं पाहिजे. माझ्या मनात माझी वेगळी यादी होती. सरकवायचे फेडर नकोत, फिरवायची बटणं हवीत. कारण जिनिंग सुरू झालं की आमच्याकडे हवेत कापसाची रुई उडते, ती फेडरच्या फटीत जाऊन बसते, आणि भर सभेत फेडर सरकवला की बॉक्समधून खर्र. अ‍ॅडॅप्टर बाहेर लोंबणारा नको. गावातल्या विजेला तो दोन महिने टिकत नाही. आणि मशीन स्वतः शांत हवं. दारव्हा गेलं, यवतमाळ गेलं, मी खिडकीबाहेर बघत हीच यादी घोकत होते, कारण दुसरं जे बोलायचं होतं ते मला बोलवत नव्हतं.

नागपूरला बर्डीच्या बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानदारानं आमच्या आवाक्यातले तीन मिक्सर काढून ठेवले आणि एकाच बॉक्सला आळीपाळीनं जोडले. मामाजी नेहमीसारखे डोळे मिटून उभे राहिले.

पहिल्याला म्हणाले, "बोथट."

दुसरा छोटा, काळा, फिरत्या बटणांचा. मला तो ऐकताक्षणी आवडला. मामाजी म्हणाले, "हे तं गादीतून बोलल्यावानी वाटते."

तिसरा लागला आणि माझ्या दातांतून कळ गेली. शब्द कमी आणि फोडणी जास्त. मामाजींचा चेहरा उजळला. "हां! हे खुलून राह्यलं. पाह्य सूनबाई, याले म्हणतात आवाज."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं.

"मामाजी, याला सरकते फेडर आहेत," मी म्हणाले. "रुई जाईल."

"वरतून फडकं टाकू."

"अ‍ॅडॅप्टर बाहेरचा आहे."

"सांभाळू ना. पोरगं आहे कायले?"

माझ्या यादीत एकच गोष्ट उरली. मग मी दुकानदाराकडून हेडफोन मागितला, माईकची पिन काढली आणि त्या तिसऱ्या मिक्सरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायचं बटण, पूर्ण उघडला. आपण काहीच देत नसताना मशीन स्वतः किती बोलतं ते असं कळतं. सभेच्या गर्दीत ते बुडून जातं, खोलीत मात्र दोन शब्दांच्या मधल्या प्रत्येक जागेत ऐकू येतं. मी ऐकलं. सूंऽऽ, पाण्याचा नळ उघडा राहिल्यासारखी. मी हेडफोन काढला आणि मामाजींच्या हातात दिला.

मी ते मुद्दाम केलं का? मला अजून ठरवता येत नाही. दुकानात, परक्या माणसासमोर. बसमध्ये पाच तास होते, तेव्हा बोलता आलं असतं.

मामाजींनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ. "साफ आहे," म्हणाले. "काईच नाही."

"काकाजी," दुकानदार हसला, "इतकी हिस आहे, इथं बाहेरपर्यंत येऊन राहिली."

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली फरशीकडे बघत होते, आणि तेच माझं उत्तर झालं. त्यांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली, काउंटरवर ठेवला.

"चहा पिऊन येतो आमी," ते दुकानदाराला म्हणाले.

टपरीवर त्यांनी चहा घेतला, प्यायले नाहीत. रस्त्यावर इतका गोंगाट होता की मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"अन् तू मागून बटण फिरवत होती."

मी मान हलवली.

"किती कमी करे?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. "तुम्ही वाढवलं असेल तेवढं. थोडं आणखी."

"म्हणूनच," ते स्वतःशीच म्हणाले. "मी वाढवतो, वाढवतो, अन् ते वाढतच नाही. मले वाटे मशीन बसलं." मग म्हणाले, "लोकं हासले असतील मले."

"नाही मामाजी. कोणालाच कळलं नाही."

"तुले कळलं ना."

मी माझा कप खाली ठेवला.

"काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही मला तिथून उठवाल असं वाटलं."

"येडी आहेस काय?" ते एकदम म्हणाले. मग चहाकडे बघत राहिले. "उठवलं बी असतं म्हणा. काय सांगता येते."

ते खरं बोलले म्हणून मला बरं वाटलं. रडूही आलं, पण ते मी गिळलं. रस्त्यावर सासऱ्यांसमोर रडणारी सून लोकांना फार गोष्टी सुचवते.

"पोराले माहीत आहे?"

"ह्यांना नाही सांगितलं."

"राहू दे." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "म्हणजे जुन्याले काईच झालं नाही. मंग नवीन घ्याचं कायले?"

"खोलीसाठी लागेल. जुना कंप्युटरला नीट जोडता येत नाही, मध्ये घूं येते. आणि जाहिरातीचीच कामं आहेत आता. लग्नं कुठं राहिलीत?"

"मंग बोल. कोणतं?"

"दुसरं."

"गादीतलं?"

"हो."

"घे तं," ते म्हणाले, आणि उठले. दुकानात परत गेल्यावर ते दारापाशीच उभे राहिले. मी प्रत्येक चॅनल तपासला, प्रत्येक बटण फिरवून पाहिलं, हेडफोन लावून गप्प मशीन ऐकलं. दुकानदार सगळं मामाजींना विचारायचा आणि मामाजी दर वेळी हातानंच माझ्याकडे दाखवायचे. परतीच्या एस.टी.त खोका माझ्या मांडीवर होता. आता सगळी भिस्त माझ्या कानांवर होती. चुकलं तर मागून येऊन दुरुस्त करणारा हात राहिला नव्हता. तो हात चुकीचा होता तरी होता.

नव्या मिक्सरवरची पहिली सभा नेरच्या बाजूच्या एका गावात होती; छोटा, उचलायला हलका म्हणून आम्ही तोच नेला होता. दुपारचं ऊन, कापडी मांडव, पाहुणे दोन तास उशिरा. मामाजी पुढच्या रांगेत कडेला बसले होते. मी जुन्या सवयीनं गेन ठेवला. नवं मशीन तेवढ्याच गेनला जास्त आवाज देतं हे मला अजून हातात आलं नव्हतं. पाहुण्यांनी माईक काढून हातात घेतला, बोलता बोलता बॉक्ससमोर आले, आणि एक बारीक, लांब शिट्टी मांडवभर गेली.

कोणता चॅनल, कोणतं बटण, काही सुचेना. मी मामाजींकडे पाहिलं. ते शांत बसले होते. त्यांना ती शिट्टी ऐकूच आली नव्हती. मग त्यांनी शेजारच्या माणसाला कानावर हात ठेवताना पाहिलं, पलीकडच्या बाईला पाहिलं, आणि लोकांच्या माना मागे माझ्याकडे वळायला लागलेल्या पाहिल्या.

ते उठले. मांडवाच्या मधोमध आले, माझ्या आणि लोकांच्या मध्ये, आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आमच्याकून झालं, मंडळी. माफी करा."

माना त्यांच्याकडे वळल्या. तेवढ्यात मला चॅनल सापडला. शिट्टी बंद झाली. ती बंद झाली हेही त्यांना लोकांच्या उतरलेल्या हातांवरूनच कळलं असणार, कारण ते लगेच खाली बसले नाहीत; एकेका चेहऱ्याकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले.

पाहुणे पुन्हा बोलू लागले. सभा संपल्यावर गावातले एक जण मामाजींपाशी आले. "नवीन मशीन वाटते, भाऊ?"

"हो."

"चांगली आहे ना?"

"चांगली आहे," मामाजी म्हणाले. "सवय व्हाची आहे अजून आमाले."

मग त्यांनी माझ्या हातातली वायर घेतली आणि गुंडाळायला लागले.