ईस्टरपर्यंत सोडलेल्या गोळ्या

माझी देवावर श्रद्धा आहे, पण भरवसा ठेवायचा म्हटलं की माझी गाडी अडते. मी मुळातच भित्री. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यातून तीनदा परत जाणारी. सांगलीतल्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मुलींना मूल्यशिक्षण मीच शिकवते, आणि ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की त्यागावर मीच बोलते. त्या वर्षीही बोलले होते. "चॉकलेट सोडून देवाला फसवू नका. ज्याचा सगळ्यात जास्त आधार वाटतो ते सोडा, आणि कुणाला सांगू नका." बोलून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले होते, हेही कबूल करते.

परीक्षा संपल्या आणि ईस्टरच्या रविवारआधीच्या पवित्र गुरुवारी दुपारी शाळेला सुट्टी लागली. वसतिगृहातल्या मुली गावाकडे निघून गेल्या. शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलीने वर्षाबद्दल एक पान चिंतन लिहायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ती पानं मी नेहमी ईस्टरनंतर वाचते. त्या दिवशी नेमकी वीज गेली, संगणकावर गुण भरता येईनात, म्हणून हाताला आलं ते पान उघडलं. ते सलोमीचं होतं. सलोमी नववीतली, कडेगावची. लहानपणापासून तिला फिट येतात, पण गोळ्या चालू असल्यामुळे दोन वर्षांत एकही आली नव्हती. तिने लिहिलं होतं, "मला देवापेक्षा गोळ्यांचा आधार जास्त वाटतो. म्हणून या गेल्या, झावळ्यांच्या रविवारपासून मी त्या सोडल्या आहेत. ईस्टरला परत सुरू करीन. मॅडम म्हणाल्या तसं कुणालाच सांगितलं नाही."

पान हातात घेऊन मी तशीच ऑफिसात धावले. तिच्या वडिलांचा फोन लागेना. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी फोन लावत राहते. तुम्ही निघा आधी." स्टँडवर पोचले तर कडेगावची गाडी अर्ध्या तासापूर्वीच गेलेली. पुढच्या गाडीत बसले. डोळ्यांसमोर काय काय येत होतं ते आजही सांगवत नाही. ती गाडीच्या दाराशी उभी असेल, एकटी रस्ता ओलांडत असेल, सुट्टी लागली म्हणून विहिरीवर पोहायला धावेल. जपमाळ हातात होती, पण प्रार्थनेतल्या 'नमो मरिये'च्या पुढे शब्दच येईनात. शेवटी मी मनात एवढंच म्हटलं, चूक माझी आहे, तिला शिक्षा देऊ नकोस.

गाडी पलूसच्या स्टँडात शिरली आणि बाकाशी घोळका दिसला. आमच्या शाळेचा निळा गणवेश दिसला. मी उतरले कशी, आठवत नाही. सलोमी एका म्हाताऱ्या मुसलमान बाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. शेजारी बांगड्यांची पेटी होती. बाई आष्ट्याची. कडेगावला लग्नघरी बांगड्या भरायला निघालेली, पण पोरीसाठी मध्येच उतरली होती.

"आवं बाई, घाबरू नगा. पोरगी शुद्धीत हाय," ती म्हणाली. "गाडीतच आकडी आली. कुशीवर निजवलं, तोंडात काय घालू दिलं न्हाई कुणाला. माजी धाकटी अशीच पडायची, म्हनून ठावं."

समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर तपासून गेले होते. दप्तरातली गोळी आत्ताच द्या, असं त्यांनी बजावलं होतं. पण सलोमीने ओठ घट्ट मिटलेले. मला बघून तिला रडू फुटलं. "मॅडम, तीनच दिवस राहिलेत. आता मोडलं तर देवाला काय सांगू?"

वीस वर्षं त्यागावर बोलणारी मी. मी नुसतीच दप्तरातली गोळी काढून हातात धरली. तेव्हा त्या बाईने माझ्या हातातली गोळी घेतली आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "त्यानंच दिल्याली वस्तू त्यालाच माघारी करतीस व्हय गं? आसं करत्यात का कुनी? घे, नाव घेऊन गीळ." सलोमीने क्रूसाची खूण केली आणि गोळी गिळली.

मी सलोमीला घरी पोचवलं. तिच्या आईसमोर हात जोडून सगळं सांगितलं. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, याची आजही लाज वाटते. ईस्टरच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेच्या वेळी, मी तिच्यासाठी मेणबत्ती लावली.

भीती मात्र गेली नाही. सुट्टीभर रोज संध्याकाळी मी सलोमीला फोन करायची, "गोळी घेतलीस का?" एकदा तिने उचलायला उशीर केला, तर मी लागोपाठ चारदा लावला. महिनाभराने एका संध्याकाळी ती हसून म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण ज्याचा सगळ्यात जास्त आधार वाटतो ते सोडायचं ना? मग हा फोन सोडा. गोळी मी घेते. आई बघते. देव आहे."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. हात दोनदा तिकडे गेला, दोनदा मागे घेतला. घरातल्या क्रूसापाशी बसून एवढंच म्हटलं, आज तू बघ. इतका अवघड उपवास मी आयुष्यात केला नव्हता.