गोलपोस्टमागची मराठी

ओजस्विनीला मराठी बोलता येत नाही, असं तिच्या आईचं ठाम मत होतं. पद्मिनीबाईंनी "जेवायला ये गं" म्हणून हाक मारली, की आतून "दो मिनट, मम्मा" यायचं. साताऱ्याहून आजीचा फोन आला, की ही नुसती हसायची आणि फोन बाबांच्या हातात कोंबायची. बाबा सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत नाजूक यंत्रांतले दोष शोधायचे. पण पोरीची मराठी नेमकी कुठे गळते, ते काही त्यांना सापडलं नव्हतं.

खरं तर ती गळत नव्हती, साठत होती. अकरावीत मोहालीहून कादंबरी नावाची मराठी मुलगी वर्गात आली आणि दोघींना शोध लागला, की या अख्ख्या पंजाबी-हिंदी शहरात आपली भाषा कुणाला कळत नाही. मग काय विचारता! मार्केटात, बसमध्ये, अगदी मुख्याध्यापिकेपासून चार हातांवर उभं राहून दोघी जगाची सालं काढायच्या, आणि तीही देवघरातला चेहरा ठेवून. घराबाहेर पडलेल्या मराठी माणसाची ही जुनीच खोड. मोठी माणसं भाजीवाल्यासमोर "लुटतोय हा, चल पुढे" म्हणून थांबतात. ओजस्विनीनं ती कलेच्या पातळीवर नेली होती.

त्या शनिवारी शाळेचा फुटबॉलचा सामना होता, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून आलेल्या टीमशी. नोव्हेंबरचं मऊ ऊन, कुणीतरी आणलेला ढोल, कागदातल्या गरम शेंगा. ओजस्विनीच्या टोळक्यानं पाहुण्यांच्या गोलपोस्टमागच्या पायऱ्या पकडल्या. पाहुण्यांचा गोलकीपर चांगला भरल्या अंगाचा होता. ते पाहून ओजस्विनीच्या जिभेला धार आली.

पहिला गोल त्याच्या पायांमधून गेला.

"हा गोलकीपर आहे का दारातला यजमान?" ती मोठ्यांदा म्हणाली. "बॉलला म्हणतोय, या, या, चपला घालूनच आत या!"

कादंबरी लोळायची बाकी राहिली. वर्गातला हरकीरत ढोल थांबवून मागे लागला, "क्या बोला? ओये, बता ना!"

"कुछ नहीं, तारीफ़ कर रही हूँ." आणि पुन्हा गोलपोस्टकडे, "उडी मारू नकोस रे बाबा, मैदान खचेल! आईनं तूप पाजून पाजून रेडकू केलंय नुसतं! असा मुलगा पोसायचा, तर मग म्हैसच का नाही घेतली? दूध तरी मिळालं असतं!"

आता हरकीरतला अर्थ कळायची गरज उरली नव्हती. सुरावरच तो हसत होता, त्याच्यामागे सगळी पायरी हसत होती. गोलकीपरनं एकदा वळून पाहिलं. तेवढ्यात दुसरा गोल झाला. मग तिसरा.

मध्यंतराची शिट्टी झाली. खालच्या पायरीवर फुलकारी ओढणी आणि काळा चष्मा घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. इतका वेळ ओजस्विनीच्या लेखी त्या कुणाच्या तरी पंजाबी आंटी होत्या. त्या उठल्या आणि मैदानाकडे हात करून ओरडल्या, "शंतनू! आधी पाणी पी, मग बूट सोड!"

ओजस्विनीच्या तोंडातली शेंग तोंडातच राहिली.

बाई वळल्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि समोर धरला. "घ्या गं पोरींनो. बेसनाचे आहेत. तुपातले."

कादंबरीला तत्क्षणी बाथरूमला जावंसं वाटलं. सामना संपेपर्यंत ती तिकडेच होती. ओजस्विनीनं लाडू घेतला. नाही कसं म्हणणार?

"मराठी फार छान आहे हं तुझी," बाई म्हणाल्या. "आई कुठली?"

"सातारा..."

"वाटलंच. आमच्या शंतनूला एवढं बोलता येत नाही. गावोगावच्या बदल्या, काय करणार. कळतं मात्र सगळं." त्यांनी झाकण लावलं. "पहिल्या गोलला त्याचंच चुकलं. पुढच्या दोन्ही वेळी लक्ष इकडे होतं त्याचं."

आवाजात राग नव्हता, हीच तर पंचाईत. रागाला उत्तर देता येतं. ओजस्विनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या पोराला सगळं ऐकू गेलं होतं, आणि मागे बसलेली आईही त्याला दिसत होती. काहीही करून त्यांची बस सुटायच्या आत त्याच्याशी बोलायला हवं.

सामना शाळेनं जिंकला. हरकीरतनं ढोल बडवत जाहीर केलं, "तेरी मराठी ने जिता दिया, यार!" टोळक्यानं तिला खांद्यावर घ्यायचा घाट घातला. एका दिवसात दुसऱ्यांदा कुणी तिच्या मराठीचं कौतुक करत होतं, आणि तिला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. हात सोडवून ती फाटकाकडे पळाली.

शंतनू बसच्या पायरीवर बूट काढत बसला होता. ओजस्विनी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याकडे मराठीत टोमणे आहेत, नावं ठेवणं आहे, नकला आहेत. माफीला एक शब्द नाही. कधी लागलाच नव्हता. 'सॉरी यार' जिभेवर आलं, पण ते म्हणजे वर्गात पेन पडल्यावर म्हणायचं. मग तिला बाबा आठवले. ते आईला दिवसातून एकदा तरी म्हणतात ते.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. "कौनसा? यजमानवाला, या म्हैसवाला?"

"दोन्ही."

"यजमानवाला फनी था." तो नाडीची गाठ सोडवत राहिला. मग जरा अडखळत, जड मराठीत म्हणाला, "आई... समोर होती."

'जाऊ दे' असं काही तो म्हणाला नाही. ओजस्विनी वाट बघत थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तसा तो बूट हातात घेऊन आत गेला. खिडकीतून त्याच्या आईनं, यजमानांचा निरोप घ्यावा तसा, तिला हात केला. ओजस्विनीचा हात काही वर गेला नाही.