ठिणगी हाताने बघणारे मास्तर

धक्क्याला लागून असलेल्या पत्र्याच्या वर्कशॉपात होड्यांच्या मोटारी दुरुस्त होत, आणि त्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच तुटला होता, तो भाग वेगळा. मोटार सुरू होत नाही म्हटलं की मास्तर प्लग काढत, प्लगच्या वायरचं उघडं टोक डाव्या हातात धरत आणि उजव्या हाताने मोटार फिरवायची दोरी ओढत. कोपरापर्यंत झटका आला तर ठिणगी आहे, नाही आला तर नाही. ठिणगी डोळ्यांनी बघणाऱ्या नव्या मेकॅनिकांना ते काडीची किंमत देत नसत. "भर उन्हात तुला काय दिसणार, कपाळ?" असं विचारून त्यांना वाटेला लावत. झटका आल्याशिवाय प्लग परत बसवायचा नाही हा त्यांचा नियम. नियम कसला, हट्टच.

त्या हट्टापायी आज तिसरा दिवस उजाडला होता.

मोटार नावाड्याची, म्हणजे मास्तरांच्या लहानपणापासूनच्या मित्राची. मास्तरांच्या लग्नाआधीपासून ती होडी ओढत होती. जमिनीत रोवलेल्या लोखंडी स्टँडवर ती टांगलेली, खाली पाण्याचं पिंप, आणि पिंपातून सांडलेल्या पाण्याने फरशी कायमची ओली. पहिल्याच दिवशी मास्तरांनी कंडेन्सर बदलला. बोटाच्या पेराएवढी ती डबी. ती गेली की ठिणगी मरते. मग वायर धरून दोरी ओढली. झटका नाही. दुसऱ्या दिवशी ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट घासले, पुन्हा घासले. झटका नाही. आज सकाळी दुसऱ्या मेलेल्या मोटारीची, ठिणगीला जोर देणारी कॉइल काढून हिला लावली. देवाला हात जोडले, आणि कोणी बघत नाही असं पाहून मोटारीलाही जोडले. झटका नाहीच.

नावाडी चार वाजता हातगाडी घेऊन येणार होता. "आज नाही झाली तर भंगारात देतो रे," तो काल म्हणाला होता. "तुझा काय दोष? वय झालं तिचं." मास्तरांना ते वय बरोबर जाऊन लागलं. दुखणं काढून परतल्यावर हे त्यांचं पहिलंच काम होतं. ही मोटार हरली तर पुढची मोटार त्यांच्याकडे कोण आणणार?

दुखणं पायाचं. साखरेने दोन्ही पावलं बधिर केली होती. दोन महिन्यांपूर्वी तळव्यात खिळा घुसला तो चार दिवस कळलाच नाही, आणि करंगळी कापावी लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एक जखम झाली तर पाऊल वाचणार नाही. म्हणून मुलीने जाड रबरी तळाचे बूट आणून दिले. जन्मभर अनवाणी काम केलेला माणूस, पण निमूटपणे बूट घालून फिरू लागला. इतका घाबरला होता.

चार वाजत आले. मास्तर दोरी ओढतच होते, आता नुसत्या रागाने. बायको चहा घेऊन आत आली. चपला दाराशी काढायची तिची जुनी सवय. वायर पाण्यात लोंबतेय हे पाहून तिने ती उचलली, त्याच क्षणी मास्तरांनी दोरी ओढली. ती किंचाळली. कप फरशीवर पडून फुटला.

"अहो, शॉक लागला मला," दंड चोळत ती म्हणाली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ठिणगी होती. तीन दिवस होती. कळत नव्हती ती त्यांना. ते खोक्यावर बसले आणि डाव्या हाताची बोटं एकेक करून चिमटू लागले. लागत होतं की लागतंय असं वाटत होतं, तेही सांगता येईना.

"हात पण गेला गं," ते म्हणाले. "आधी पाय, आता हात. मी संपलो."

बायकोने इतक्या वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "असं काय करता? माझे पाय ओले आहेत, म्हणून लागला असेल जास्त."

मास्तरांनी तिच्या ओल्या, उघड्या पावलांकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. बोटभर जाड रबर. करंट अंगातून जमिनीत उतरणार तरी कुठून?

त्यांनी बूट ओरबाडून काढले, कोपऱ्यात भिरकावले आणि धडपडत मोटारीशी गेले. डाव्या हातात वायर, उजव्या हातात दोरी. ओढली.

झटका कोपरापर्यंत नाही, पार खांद्यापर्यंत आला. मास्तर हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी प्लग बसवला. एकदा ओढली, मोटार खोकली. दुसऱ्यांदा ओढली आणि निळा धूर सोडत ती धडधडू लागली. पिंपातलं पाणी उसळून फरशीभर झालं. हातगाडी बाहेर सोडून नावाडी दारात आला आणि तिथेच उभा राहिला.

"बघ," मास्तर मोटारीच्या आवाजावर आवाज चढवत म्हणाले. हात त्यांनी त्याच्यापुढे धरला होता. "बघ, चालतोय अजून."

नावाडी हाताकडे बघत नव्हता. बायकोही नाही. मोटारीपाशी पसरलेलं पाणी लाल होत चाललं होतं, आणि मास्तर फुटलेल्या कपाच्या तुकड्यांवर पूर्ण भार देऊन उभे होते.

बायको गुडघ्यांवर बसली. तिने त्यांचं पाऊल दोन्ही हातांनी उचललं.

"अहो, दुखत नाही का?"

मास्तर अजून हसतच होते.

"कुठे?" त्यांनी विचारलं.