फिलूमावशीची जपमाळ आणि रिक्षाचं हेड

फिलूमावशी गॅरेजात आली की आधी रिक्षाचं इंजिन बंद करायची, कोपऱ्यातला लाकडी खोका ओढून त्यावर बसायची आणि गळ्यातली जपमाळ हातात घ्यायची. लाल चौकड्यांचं लुगडं, त्यावर खाकी शर्ट, पायात रबरी चपला. मी पाना उचलला की डोळे मिटूनच म्हणायची, "एक माळ होऊ दे, दत्तू. तापल्या इंजिनाला हात लावायचा नाय." बाहेर गाड्यांची रांग लागलेली असायची, ड्रायव्हर माझ्या नावाने बोंब मारत असायचे. पण ही बाई स्वतः हलायची नाही आणि मलाही हलू द्यायची नाही. माझा जळफळाट व्हायचा.

माझं गॅरेज नालासोपाऱ्यात, स्टेशनपासून जरा आतल्या बाजूला. मी मूळचा साताऱ्याकडचा आणि तोंडाने फटकळ. पोटात एक नि ओठात एक मला कधी जमलंच नाही. नव्वदच्या दशकात रस्त्यावर मागे इंजिन असलेल्या नव्या रिक्षा धावत होत्या, आणि ड्रायव्हरच्या पायाशी, पुढे इंजिन असलेल्या जुन्या रिक्षा भंगारात चालल्या होत्या. त्या जुन्यांना हात लावणारे आम्ही मोजकेच मिस्त्री उरलो होतो. म्हणून फिलूमावशी वसईपलीकडच्या खाडीकाठच्या गावातून माझ्यापर्यंत आली.

आली म्हणजे दुसऱ्या रिक्षाला दोरी बांधून ओढत आणली. एप्रिलची दुपार होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"कलिंगडं भरली होती. चढावर तापली. मी डबाभर पानी ओतलं इंजिनवर. तडाक् आवाज आला."

मी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, तापल्या तव्यावर पाणी मारतं का कुणी?"

"मारते की! घावन घालायच्या आधी."

हेड गेलं होतं. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण. स्पार्क प्लग त्यातच बसतो. ते तापलेलं असताना पाणी पडलं की तडकतं, दाब निसटतो आणि गाडी ओढ घेत नाही. मी लगेच पाना लावायला गेलो, तर तिने माझं मनगट धरलं. "गरम हाय ना अजून? मी एक घाई केली, आता दुसरी तू नको करू. माझी माळ होऊ दे." तिची 'नमो मरिये'ची प्रार्थना सुरू झाली. तापलेलं हेड उघडलं तर वाकतं हे मलाही माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. माळ संपली तेव्हा इंजिन खरंच हाताला गार लागलं.

हेड उतरवलं. प्लगच्या भोकापासून नटाच्या भोकापर्यंत सरळ तडा. मी म्हटलं, "मावशी, हिला आता मुक्ती द्या. नवी घ्या. नवऱ्याची आठवण म्हणून जीव अडकलाय, कळतंय मला, पण..."

"त्याची आठवन फोटोत हाय. फोटोला पेट्रोल लागत नाय. ही चालते म्हनून ठेवली."

नवरा गेल्यावर तिने स्वतः हँडल हातात घेतलं होतं. सुरुवातीला लोक हसले, मग सवयीने गप्प झाले. गावातल्या भाजीवाल्या आणि मासळीवाल्या बायका पहाटे तिच्याच रिक्षात पाट्या घालून बाजाराला जायच्या. नवे रिक्षावाले ओल्या पाट्या बघून पुढे निघून जात. मी म्हटलं, बायका दुसरी सोय बघतील. तेव्हा तिने खरी गोष्ट सांगितली.

तिचा मुलगा आंतोन मुंबईत नोकरीला, विरारला फ्लॅट घेऊन राहिलेला. आईने या वयात रिक्षा चालवू नये म्हणून मागे लागलेला. शेवटी तिने शब्द दिला होता, ज्या दिवशी गाडी कायमची बंद पडेल त्या दिवशी बोचकं बांधून तुझ्याकडे येईन. आणि येत्या रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेनंतर आंतोन येणार होता.

"मग सांगा ना, गाडी चालू आहे म्हणून."

"खोटं? तो मिस्सा ऐकून येनार, आनि मी त्याच्या तोंडावर खोटं बोलू?"

"बरं, त्याच्याकडे वाईट काय आहे?"

"काय बी वाईट नाय. सून चांगली, लिफ्ट चांगली, टीव्ही तर लय चांगला." मग तिने खाकी शर्टाची बटणं उगाच चाचपली. "पन तिथं मला 'थांब गं फिलू, माझी पाटी घे' असं कोन म्हननार?"

 मी हेड फडक्यात गुंडाळत म्हणालो, "ठीक आहे, बघतो."

हेड वालीवच्या वर्कशॉपमध्ये नेऊन तडा वेल्डिंगने भरून घेतला. वेल्डिंग झालं की हेडचा तळ सपाट करावा लागतो. जाड काचेवर पॉलिश पेपर, त्यावर रॉकेलचे थेंब, आणि मग हेड गोल गोल घासत बसायचं. फिलूमावशीने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "सर बाजूला. तुझ्या हाताला वाटनाची सवय नाय." पाट्यावर मसाला वाटावा तशी ती घासत बसली. मधूनमधून काच पुसायची, हेड उलटं करून उजेडात धरायची, पुन्हा घासायची. तळ आरशासारखा झाला. आम्ही हेड चढवलं आणि ट्रायलला निघालो. पहिल्याच चढावर फुस्स! तडा जिथल्या तिथे उघडला होता.

शुक्रवार संध्याकाळ. मी पाना आपटला. "हरलो, मावशी."

"तू हरलास. मी कुठं हरले?" ती म्हणाली. "आगाशीकडं एका वाडीत माझ्या रिक्षाची बहीन पडलीय. केळी आनायला गेले तेव्हा बघितली. उद्या चल."

शनिवारी तिला स्कूटरवर मागे बसवून गेलो. केळीच्या वाडीत खरंच तशीच रिक्षा होती, चाकं जमिनीत रुतलेली, आणि आत कोंबड्यांचा संसार. नेमकी इंजिनाला लागून, पायाशी, एक कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसली होती. वाडीचे मालक नाना म्हणाले, "हेड न्या, माझं काही नाही. पण खुडूक कोंबडीला धक्का लावायचा नाही. पिल्लं निघाली की या."

मी भांडायला तोंड उघडलंच होतं. मावशीने मला डोळ्यांनी दटावलं आणि नानांना म्हणाली, "दिवेलागनीपर्यंत बसू दे आम्हाला." माझी सगळी दुपार त्या वाडीत गेली. मी मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिवे लागायच्या सुमारास कोंबड्या सुस्त झाल्या, तशी ती उठली, पदर कोंबडीवर हळूच पसरला आणि अंड्यांसकट टोपली उचलून पडवीत नेऊन ठेवली. कोंबडीने जरा कुरकुर केली आणि पुन्हा अंगाखाली अंडी ओढून घेतली. नाना बघतच राहिले. "बाई, हेडच काय, अख्खं इंजिन घेऊन जा," ते म्हणाले. मी नटांवर रॉकेल सोडून ते गंजलेलं हेड सोडवायला लागलो, तेव्हा ती हसून म्हणाली, "हिच्यासाठी माळ नको. ही केव्हाच गार झालीय."

रविवारी उजाडताच कामाला लागलो. तिनेच तळ घासला, मी हेड बसवलं, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत गेलो. गाडी सुरू झाली. पण हेड बदलल्यावर एकदा तापवून, गार करून नट पुन्हा आवळायचे असतात, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून इंजिन बंद केलं आणि ती खोक्यावर माळ घेऊन बसली. नेमका तेव्हाच आंतोन आला. गावात चौकशी करून इथवर पोचला होता. हातात रिकामी बॅग होती, आईचे कपडे भरायला.

बंद रिक्षा, उघडं इंजिन, डोळे मिटलेली आई. "आय," तो हळूच म्हणाला, "पडली ना बंद? चल."

तिने डोळे उघडले नाहीत. एक बोट वर केलं, थांब म्हणून.  नट आत्ताच आवळावेत आणि गाडी सुरू करून दाखवावी, असं हजारदा वाटलं. पण हिंमत झाली नाही. माळ संपली. तिने क्रूस कपाळाला लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी नट आवळले. तिने सीटवर बसून गाडी सुरू करायचा दांडा ओढला. एकदा नाही, दुसऱ्यांदा नाही, आणि तिसऱ्यांदा ती रिक्षा अशी गरजली की शेजारचा पानवाला बाहेर आला.

"बस मागं," ती आंतोनला म्हणाली. "विरारला सोडते तुला."

तो बिचारा हसला की रडला, मला नक्की कळलं नाही. रिकामी बॅग मांडीवर घेऊन मागे बसला.

त्यानंतर ती कितीतरी वर्षं रिक्षा चालवत राहिली. नालासोपाऱ्यात इमारतींवर इमारती चढल्या, गॅसवरच्या रिक्षा आल्या, माझे केस पिकले. मग एक दिवस सकाळीच आली. इंजिनाचा आवाज ऐकला, कुठे खोट नव्हती. तरी खोका ओढून बसली.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"गाडीचं काय नाय. मला आता रस्त्यात मानूस आनि पाटी सारखीच दिसते. उद्या कोनाला उडवलं तर?" तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. "हेड उतरव. चांगलं हाय, कोनाला लागलं तर दे. आंतोन येतोय न्यायला. त्याला मी सांगनारच हाय, पन तू बी सांग. गाडी बंद पडली नाय. मी बंद केली."

 मी पाना घेतला, पण पुढे झालो नाही. तिने माळ काढली. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं, ही माळ संपूच नये. बाहेरचे ड्रायव्हर ओरडत राहिले, मी ढिम्म हललो नाही.

शेवटचा मणी सरला. फिलूमावशी उठली, वाकून हेडवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "गार हाय. काढ आता."